कुंताबाईचे कोरे हातमोजे

वैनगंगेच्या अलीकडे, भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या एसटीच्या वाटेवर एक बाजारगाव आहे. नाव कशाला सांगायचं? नाव घेतलं की गावातली चार वजनदार माणसं भांडायला येतील आणि उरलेलं गाव म्हणेल, छे, आमच्याकडे असं काही होतच नाही. तेव्हा नाव राहू द्या. त्या गावात सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ घंटागाडी येते. भोंग्यावर कुण्या गोड गळ्याच्या बाईनं म्हटलेलं स्वच्छतेचं गाणं लागलेलं असतं. गाणं ऐकून गल्लीतली दारं उघडतात, बादल्या बाहेर येतात आणि गाडीच्या पाठीवर उभी असलेली, पदर कमरेला खोचलेली, पन्नाशी ओलांडलेली एक सावळी बाई हात पुढे करते. ती कुंताबाई.

गाडीला दोन कप्पे. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका. गाणंसुद्धा तेच सांगत असतं, पण ऐकतो कोण? आंबलेला भात, तुटकी चप्पल, बाळाचं लंगोट, दाढीचं पातं, मेलेला उंदीर, फुटक्या कपाची कपची, असा सगळा काला एकाच बादलीतून धबकन गाडीत पडतो आणि दार लागतं. मग कुंताबाई वाकते. त्या काल्यात कोपरापर्यंत हात घालते आणि ओलं इकडे, सुकं तिकडे करत जाते. उघड्या हातांनी. वर गाणं चालूच.

हेच हात एके काळी नावाजलेले होते. कुंताचं माहेर तलावाकाठचं. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, पाणी भरलं की बायांची रांग चिखलात उतरायची, आणि कुंता टोकाला असली तर रांग वाकडी होत नाही, असं बांधाच्या धुऱ्यावर बसलेले म्हातारे सांगायचे. डाव्या हातात धानाच्या रोपांची जुडी, उजवा हात पाण्यात आत-बाहेर, आत-बाहेर, आणि तोंडानं गाणं. दुसऱ्या बायांची दोन रोपं लागत तोवर हिची चार. तिच्या सासऱ्यानं तिला पाहिलं ते धुऱ्यावरूनच. घरी जाऊन म्हणाला, "पोरीचं तोंड नाई पायलं मी. हात पायले. करून टाका."

नवरा इश्वर. देखणा, उंच, आवाजानं खणखणीत आणि स्वभावानं भित्रा. भाताच्या गिरणीत हमाली करायचा. पण वर्षातले काही दिवस तो हमाल नसायचा. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. अहाहा, काय ते दिवस! मांडवाखाली गवतावर बसलेलं अख्खं गाव, हार्मोनियमचा तो पहिला सूर, आणि पडदा वर जाताच सिंहासनाच्या बाजूला भाला धरून उभा असलेला दरबान. तो दरबान म्हणजे इश्वर. नाटक कोणतंही असो, राजा कोणीही होवो, दरबान इश्वरच. संवाद एकच: "महाराजांचा विजय असो! दारात एक फिर्यादी उभा आहे." एवढं बोलायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं काय ते फिर्यादी आणि महाराज पाहून घेत. पण ते एक वाक्य तो असं टाकायचा की मागच्या रांगेत पेंगणारी पोरं दचकून उठून बसत.

दरबानाचा लाल अंगरखा, जरीचा पट्टा, फेटा, सगळं भाड्याचं. वडशाहून पेट्या भरून ड्रेस यायचा आणि सकाळी ड्रेसवाला एकेक नग झटकून पाहत परत घ्यायचा. एका वर्षी इश्वरनं अंगरख्यावर पानाची पिंक पाडली. ड्रेसवाल्यानं चारचौघांत जी अब्रू काढली, ती कुंता कधी विसरली नाही. तेव्हापासून नाटक सुटलं की रंग पुसायच्या आधी ती नवऱ्याच्या अंगावरून अंगरखा उतरवून घ्यायची, कॉलरचा रंग ओल्या फडक्यानं टिपायची आणि घडी घालून पेटीवर ठेवायची. परक्याची वस्तू जशी आली तशी गेली पाहिजे. हा त्या घराचा कायदाच झाला.

पुढे इश्वरची पाठ गेली. पोत्याखालून माणूस उठतो तो एक दिवस उठतच नाही, तसं झालं. मुलगी रेणू तुमसरला दिलेली, तिचा संसार तिला पुरे. रोवणी वर्षातून दोन महिने, तीही आता यंत्रं करू लागली. बाजारगावात घंटागाडीवर बाया घेताहेत असं कळलं आणि कुंताबाई गेली. शेजारणीनं नाक मुरडलं तेव्हा म्हणाली, "चिखल तं चिखलच असते वो. बांधीतला काय अन् नालीतला काय."

ही बाई आयुष्यात दोनदा चुकली. त्यातली ही पहिली चूक. बांधीतल्या चिखलानं पायाला चिखल्या होतात, पण हंगाम सरला, मेंदी-तेल चोपडलं की त्या जातात. नालीतल्या चिखलाच्या चिखल्या बारा महिने राहतात. बांधीतून वर आलं की धुऱ्याशी वाहतं पाणी असतं. इथे दिवसभर गावाची घाण काढून बाया गाड्यांच्या शेडवर येत, तर तिथे नळ नाही. एक निळा ड्रम, त्यात गाड्या धुवायचं पाणी, वर हिरवी साय. साबणाचं नावच नको. मग या बाया जेवत कशा? ऐका. कचऱ्यातलीच त्यातल्या त्यात स्वच्छ प्लास्टिकची पिशवी शोधायची, उजव्या हाताला चढवायची आणि त्या पिशवीनं भाताचा घास उचलायचा. काम करताना हात उघडा आणि जेवताना हाताला पिशवी! रंगभूमीवर उलटी-सुलटी सोंगं पुष्कळ झाली, पण असं उलटं सोंग कोणा विनोदी नटालाही सुचलं नसेल. पाणी मागितलं तर दोन-चार घरं देत, तेही वरून ओंजळीत ओतून. ती ओंजळ कसल्या हातांची, हे ओतणाऱ्याला दिसत नसे का? बाया मग पाणीच कमी पीत. कमी प्यायचं दुसरंही कारण होतं. गावभर शौचालयं बांधून झाल्याचा फलक चौकात लागला होता, पण या बायांसाठी शेडवर आडोसासुद्धा नव्हता.

ठेकेदार होते भैय्याजी. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, बोलणं मधासारखं. त्यांच्या हाताखाली मुकादम परसराम. माणूस वाईट नव्हता. पण भैय्याजींची मर्जी हीच ज्याची भाकरी, तो चांगला तरी किती वेळ राहील?

दरवर्षी स्वच्छतेचा एक सप्ताह येई. बाजारचौकात मंडप, माईक, सतरंजी, पाहुणे. बायांना ओळीनं उभं करायचे. मग परसराम गाठोडं सोडायचा: रबरी हातमोजे, गुडघाभर बूट, तोंडाची पट्टी, पिवळं जाकीट. बूट सगळे पुरुषांच्या मापाचे. कुंताबाईचे दोन्ही पाय एकाच बुटात गेले असते. पाहुणे एकेकीच्या हातात हातमोजे देत, बाया ते घालत, फोटो निघे, टाळ्या पडत. आणि पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की परसराम बारदान्याचं पोतं पसरून ओरडे, "चला, काढा, काढा! मळवू नका. पुढच्या साली कामी येतेत." पोतं भरे, शेडच्या कोठीत जाई, कोठीला कुलूप. गेल्या खेपेला रुपा नावाच्या तरण्या बाईच्या मोज्याला चहाचा डाग लागला, तर परसरामनं तिला सगळ्यांदेखत झाडलं होतं, "तुह्या बापाचे होत का वो?"

रुपा तेव्हा फणफणली होती. कुंताबाईनंच तिला शांत केलं. "जाऊ दे वो. ड्रेसवाले असेच असतेत."

पाहा, हिच्या मनात ते चित्र कसं पक्कं बसलं होतं! फोटो म्हणजे नाटक, मोजे म्हणजे भाड्याचा ड्रेस. तिला ते गैरही वाटत नव्हतं. पण दरबानाचा भाला लाकडी असला तरी चालतो, कारण समोरचा शत्रूही गावातलाच कोणी रंग फासलेला असतो. इथे शत्रू खरा होता. सकाळी गाडीवर चढलं की काच खरी, सडका उंदीर खरा, विषारी वाफ खरी. लढाई रोजची आणि ढाल तेवढी भाड्याची, तीही फोटोपुरती!

या वर्षी सप्ताहाच्या दिवशी एक गोष्ट वेगळी घडली. फोटो निघाला, पाहुणे गेले आणि परसरामला फोन आला. मेहुण्याच्या सोयरिकीची बैठक होती, मुलीकडची माणसं आधीच येऊन बसली होती. तो पोतं तिथेच टाकून मोटारसायकलवर बसून सुटला. बूट-जाकिटं गाडीवाल्यांनी गोळा करून कोठीत टाकली, मोजे बायांच्या हातातच राहिले. मग रुपा म्हणाली, "मावशी, आता का करायचं वो?"

"घरी ने. जपून ठेव. मांगतीन तवा देजो."

कुंताबाईनं घरी जाऊन ते मोजे कोरड्या फडक्यानं पुसले, पावडर शिंपडली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि देवाच्या फळीशेजारच्या फळीवर ठेवून दिले. इश्वरनं खाटेवरून विचारलं, "घालत काहून नाई वो, रेणूची माय?"

"अन् फाटले तं? भरून कोन देईन? तुमचा तो पानाचा डाग इसरले का?"

इश्वरनं कूस बदलली. त्या डागाचा विषय निघाला की त्याचं असंच होई.

दुसऱ्या दिवशी परसरामनं मोज्यांची आठवण काढली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सोयरीक जुळली होती, तो त्याच धुंदीत होता. आणि इकडे घराघरात, कोणाच्या पेटीत, कोणाच्या फळीवर, कोणाच्या तांदळाच्या कोठीवर, कोरे करकरीत हातमोजे जपून ठेवलेले. आणि त्या मोज्यांच्या मालकिणी सकाळी उघड्या हातांनी गावाचा कचरा चिवडायला निघालेल्या. ही तिची दुसरी चूक. पण ती एकटीची म्हणता येईल का? चूक करायला माणसाला शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्यानं वर्षानुवर्षं पोतं पसरून ती शिकवली होती.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. एका गल्लीच्या तोंडाशी काळी पिशवी ठेवलेली होती, गाठ मारून. त्या गल्लीत दवाखाना आहे, पण पिशवी त्यांचीच, असं कोणी पाहिलेलं नाही. कुंताबाईनं गाठ सोडली. वर केळीची सालं, चहाचा चोथा. खाली हात घातला आणि एकदम झटका बसल्यासारखा बाहेर काढला. उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी सुई उभी. सलाईनची नळीही तिला लोंबत होती.

"माय वो!"

रुपा धावली. सुई काढली. रक्ताचा थेंब आला, मोठा नव्हता. कुंताबाई बोट पदराला पुसून पुन्हा वाकली, "काटाच तं होय. रोवणीत का कमी टोचतेत?"

रुपानं तिचं मनगट धरलं. "मावशी, हा काटा नाई. हा कोन्या आंगातून आला, त्याले का बीमारी होती, तुले ठाव हाय का? चाल उतर."

"अन् गाडी?"

"गाडी गेली चुलीत! उतर म्हन्तो ना!"

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बोट धुतलं, इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं आणि शांतपणे समजावलं: महिनाभर या गोळ्या चुकवायच्या नाहीत, रक्त आता एकदा, मग पुन्हा, मग आणखी एकदा तपासायचं, तोवर जीव टांगणीला राहील, पण घाबरायचं नाही, वेळेत आलात. मग लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, "बाई, हातमोजे देत नाहीत का तुम्हाला?"

"देल्ले हायत जी."

"मग कुठे आहेत?"

"घरी हायत. फळीवर. एकदम कोरे हायत, डाक्टरीणबाई. एक डाग नाई." कुंताबाई हे सांगताना जरा ताठच बसली होती. चांगली घरंदाज बाई परक्याची वस्तू कशी सांभाळते, ते डॉक्टरणीला कळावं म्हणून.

डॉक्टरणीचा पेन थांबला. रुपा मान खाली घालून बसली, कारण तिचेही पेटीतच होते.

गोळ्यांनी कुंताबाईला अन्न गोड लागेना. ओकाऱ्या, चक्कर. बोट सुजलं, त्यात पू झाला, चिरावं लागलं. काही दिवस ती खाटेवर आणि इश्वर चुलीपाशी. रात्री-अपरात्रीच नाही, भर दुपारीसुद्धा ती दचकून उठे आणि विचारी, "कोनाची अशीन वो ती सुई?" ज्यानं फेकली तो पंख्याखाली निवांत बसला असेल आणि सकाळी गाणं ऐकून पुन्हा पिशवीला गाठ मारत असेल.

जरा बरं वाटताच निरोप आला: भैय्याजींनी बोलावलंय. इश्वर म्हणाला, "मी येतो संगं." पाठीला पट्टा बांधून तो उठला. वाटेनं तो मनाशी वाक्यं जुळवत होता. भैय्याजींच्या दाराशी मात्र तो सवयीनं एका बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि आत गेली ती फिर्यादी एकटी.

"ये कुंताबाई, बस. तब्येत कशी हाय?" भैय्याजींनी मोबाईल पुढे केला. "हे कोन हाय? वळख."

पडद्यावर सप्ताहाचा फोटो. ओळीत मधोमध कुंताबाई, दोन्ही हात वर, हातांत केशरी मोजे, चेहऱ्यावर हसू.

"मीच होय जी."

"अन् हातात का हाय?"

"मोजे."

"मंग? मी देल्ले का नाई? तू घातले नाई, त्यात माहा का दोष? वरून इचारतीन, तं मी हाच फोटो दाखवीन." मध तसाच होता, फक्त आता त्याला डंख होता. "पाय बाई, जिले नियम पाळता येत नाई तिले गाडीवर ठेवनं धोक्याचं हाय. तुह्याच जिवाले धोका. महिना भरून घे, मंग घरीच आराम कर."

कुंताबाईनं परसरामकडे पाहिलं. मेज पुसत असल्यासारखा तो मेजाकडेच पाहत होता. "परसरामभाऊ, तुमी सांगा नं. मळवू नका म्हून तुमीच म्हन्ता का नाई?"

परसराम मेजावरचे कागद सारखे करू लागला.

ती बाहेर आली. इश्वर भिंतीला तसाच चिकटून उभा. सगळं त्यानं ऐकलं होतं. ज्याच्या आवाजानं मांडव दणाणायचा त्या माणसाचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. घराच्या उंबऱ्याशी तो म्हणाला, "मले तेवढंच वाक्य येते वो. पुढचं कोनी शिकवलंच नाई."

"राहू द्या," ती म्हणाली. मग फळीवरचे मोजे काढून तिनं मांडीवर घेतले. त्या फोटोनं तिला खोटं पाडलं होतं. तिच्या जिवाचं जे व्हायचं ते होवो, पण 'देल्ले होते, घातले नाई' हे सात गावांत ऐकू जाणार, आणि तिच्या जागी जी बाई येईल तिच्याही तोंडावर तोच फोटो फेकला जाणार. ते तिला गोळ्यांपेक्षा कडू लागलं.

महिना सरायच्या आत गावात धावपळ उडाली. वरून पाहणीसाठी मंडळी येणार होती. चौक धुतला गेला, मंडप पडला. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावरचा कुजका ढीग उचलायला वेळ नव्हता, म्हणून त्याच्यापुढे स्वच्छतेचा मोठा फलक उभा केला. नाटकवाल्यांना ही युक्ती जुनी आहे: तुटकी भिंत लपवायची असेल तर तिच्यापुढे राजवाड्याचा पडदा सोडायचा. परसराम घरोघर फिरला: "मोजे घेऊन या, कोरे पायजेत." कुंताबाईच्या दारात तो जरा घुटमळला. "तुमाले बी बोलावलं हाय. आकडा जुळला पायजे. पन बोटाची पट्टी दिसू देजा नोको, मोजा घालून या."

म्हणजे ऐका हं! ज्या मोज्यानं जखम टळायची, तो मोजा आता जखम झाकायला हवा होता.

"येतो म्हना," कुंताबाई म्हणाली.

पाहणीच्या सकाळी ती गेली. सुजलेल्या बोटावर मोजा चढवताना डोळ्यांत पाणी आलं, पण चढवला. ओळ लागली. पाहणीच्या मंडळींत एक मध्यमवयीन अधिकारीबाई होत्या, चष्मा लावलेल्या, फारसं न बोलणाऱ्या. भैय्याजींचं भाषण झालं: "या आमच्या मायबहिनी, यांची सुरक्षा हीच आमची पूजा." टाळ्या. फोटो. पाहुणे चहाकडे वळले. नेहमी ते गाडीत बसून जात; आज चहा होता आणि मंडळींना चौकात हिंडायचं होतं. परसरामचा मात्र हात सवयीचा. फोटो निघाला तसं त्यानं मंडपाच्या मागच्या बाजूला हळूच पोतं पसरलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चला, काढा, काढा."

पहिली बाई कुंताबाई. ती पोत्यापर्यंत आली, थांबली, आणि पोत्याला वळसा घालून सरळ त्या फलकाकडे चालू लागली. घाईनं नाही. एन्ट्री कशी घ्यावी हे कोणी तिला शिकवलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं विंगेतून तिनं पाहिलं तर होतं. तिनं फलकाची कड धरून तो बाजूला ओढला. मागचा ढीग उघडा पडला. कुजकी वांगी, काळं पाणी, माश्यांचं घोंघावणं. कुंताबाईनं पदर खोचला, वाकली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या घाणीत घातले.

"अवो बाई!" परसरामच्या तोंडून किंकाळीच निघाली. "मोजे! मोजे मळले नं! आता जमा कशे करू मी?"

चौक गप्प. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात राजाची मिशी गळून पडावी, तशी शांतता.

अधिकारीबाईंनी कप खाली ठेवला. "जमा? मोजे कुठे जमा करता?"

"नाई जी, मॅडम," भैय्याजी पुढे धावले, "तो का म्हन्ते, धुवाले! धुवाले नेतो आमी."

कुंताबाई ढिगातूनच वळली. हातांतून काळं पाणी गळत होतं. "धुवाले पानी कुठी हाय जी? चाला, दाखवा मॅडमले तो ड्रम. मी बी हात धुतो."

कोणीतरी हसलं. मग रुपा ओळीतून निघाली. ढिगापाशी आली, कुंताबाईच्या शेजारी वाकली आणि हात आत. "सरक वो मावशी, एकटीच मळवतं का?" तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. ओळच्या ओळ त्या ढिगावर वाकली, जशी बांधीत वाकते तशी. आणि कुंताबाई टोकाला होती, त्यामुळे ओळ वाकडी झाली नाही. केशरी मोजे काळे होत गेले. परसराम रिकाम्या पोत्याचं तोंड धरून उभा होता. भैय्याजी काही बोलू लागले की अधिकारीबाई नुसता हात वर करत.

मग त्या स्वतः शेडवर गेल्या. ड्रम पाहिला. आडोसा विचारला, नव्हता. कोठीचं कुलूप उघडायला लावलं, आत सालोसालचे मोजे पोत्यात चिकटून गोळा झाले होते, कधी न वापरलेले. त्यांनी कुंताबाईला विचारलं, "हातमोजे का वापरले नाहीत?" तिनं सांगितलं. परसरामला विचारलं, "खरं आहे?" परसराम भैय्याजींकडे पाहायला लागला, मग ढिगावरून आलेल्या त्या बायांच्या हातांकडे पाहायला लागला, आणि म्हणाला, "हाव जी. मीच म्हन्त होतो, मळवू नका."

कुंताबाईला काढण्याची भाषा त्या दिवसापासून बंद झाली. भैय्याजींना नोटीस निघाली असं म्हणतात. पण ते अजून पांढऱ्या शर्टातच आहेत. शेडवर नळ आला, तो वरून गळतो. साबण आला, तो संपला, आता दुसरा मागताहेत. आडोसा अजून यायचाय. बूट पुरुषांच्या मापाचेच आहेत. ती काळी पिशवी कोणाची, हे कोणी शोधलं नाही, आणि ती शोधली जाईल असं मानायला गाव तितकं निर्मळ नाही. कुंताबाईच्या रक्ताचे दोन अहवाल चांगले आले, एक यायचाय. बोट मात्र पूर्वीसारखं मिटत नाही. रोपांची जुडी त्या हातात आता धरवणार नाही.

पाहणीच्या दिवशी ती घरी आली तेव्हा इश्वरला बातमी आधीच पोहोचली होती. तो दारात उभा होता, पाठीचा पट्टा आवळून, उजवा हात भाला धरल्यासारखा. "महाराजांचा विजय असो!" तो गरजला. शेजारची कोंबडी उडाली.

"पुरे करा," ती म्हणाली, पण हसली.

सांजेला तो अंगणात बसून मोजे घासत होता. साबण लावून, बोटा-बोटांतून, जुन्या सवयीनं. एक डाग निघत नव्हता.

"रेणूची माय, हा नाई जात वो."

तिनं त्याच्या हातातून मोजे घेतले, उलटे केले आणि पाणी झटकून दोरीवर टाकले.

"नाई गेला तं राहू द्या. परत कोनाले द्यायचे हायत?"